धुतलेलं तूप

अक्कानं काडेपेटी माझ्या नाकासमोर धरली आणि अंगठ्यानं तिचा खण हलकेच पुढं ढकलला.

"बघ. नीट बघ. उजेडात ये."

ती अजून दारातच उभी होती. खांद्याला पिशवी, पायात चपला आणि विट्याहून कराडपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून आल्यावर चेहऱ्यावर बसते ती धूळ. तिला पाणी विचारायचंही मला सुचलं नाही. काडेपेटी घेऊन मी खिडकीशी गेले. आत पिंजलेल्या कापसाच्या धाग्यांत काळे-तपकिरी ठिपके अडकलेले होते. माझा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता.

"ढेकूण आहेत का गं?"

"ढेकूण ओळखायला येत नाहीत का मला? हे बारीक आहेत. चावतात नि कातडीच्या आत शिरतात." ती घाईनं पुढं आली. "मिट, मिट. पळतील."

मी घाबरून काडेपेटी मिटली. अक्कानं ती माझ्या हातातून घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि मग कुठं चपला काढल्या.

अक्का माझी थोरली बहीण. आई सतत आजारी असायची, त्यामुळं माझी वेणीफणी, आंघोळ, शाळेचा डबा सगळं तिनंच केलं. मी कराडच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नव्हतं, दोन खोल्यांत एकटीच राहायची. अक्काचं सासर विट्याचं. दाजी गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या. उभं आयुष्य त्यांनी दूर तामिळ मुलखात दुकान चालवण्यात घालवलं. मूलबाळ नव्हतं. मग दाजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. अक्का त्यांना घेऊन विट्याला आली आणि तिथून पुढची नऊ वर्षं तिनं त्यांचं सगळं अंथरुणात केलं. शेवटी शेवटी दुसरा झटका आला आणि वाचाही गेली. त्या श्रावणात दाजी गेले. दिवाळी झाली आणि अक्का काडेपेटी घेऊन माझ्या दारात आली.

त्या संध्याकाळी मी तिचे हात पाहिले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ, त्यावर नखांचे ओरखडे, काही ठिकाणी खपल्या. मानेवर तसंच, पोटऱ्यांवर तर बघवेना. तिची कातडी लहानपणापासूनच नाजूक. डास चावला तर आम्हाला पुटकुळी यायची, तिला हातभर गांधी उठायच्या. बाजारातलं कुठलंच मलम तिला सोसायचं नाही. लावलं की आग आग व्हायची. कापूर घातलेलं तेल एकदा कुणीतरी लावलं, तर रात्रभर ओल्या फडक्यात हात गुंडाळून बसली होती.

"रंजना म्हणाली, ताई, तुम्ही जरा कराडला जाऊन या," अक्का म्हणाली. रंजना तिची धाकटी जाऊ. "तिच्या पोरांना लागेल अशी भीती वाटते तिला. बरोबरच आहे. ह्यांच्या गादीतनं आलेत ना ते. गादी जाळली, उशा जाळल्या, तरी घरभर झालेत."

"आपण तूप धुऊ," मी म्हटलं.

अक्का कितीतरी दिवसांनी हसली असावी. हसताना ओठ फुटेल की काय असं वाटलं.

आई करायची ते तूप. वैद्य लोक त्याला शतधौत घृत म्हणतात, आमच्या घरात नुसतं धुतलेलं तूप. गाईचं साजूक तूप बिनकल्हईच्या तांब्याच्या परातीत घ्यायचं, त्यावर गार पाणी ओतायचं आणि तळहातानं गोल गोल फेटत राहायचं. पाणी गढुळलं की कलंडून टाकायचं, पुन्हा नवं घालायचं. शंभर वेळा धुवायचं असं शास्त्र आहे, पण आईनं कधी मोजलं नाही. पिवळेपणा जाऊन तूप पांढरंशुभ्र झालं, तुपाचा वास मेला आणि गालाला लावल्यावर गार लागलं, की झालं म्हणायची. भाजलेल्यावर, चावलेल्यावर, उन्हानं सोलवटलेल्यावर तेच. अक्काला सोसायचं ते एवढं एकच.

रविवारी दुपारी मागच्या पडवीत आम्ही परात घेऊन बसलो. अक्काच्या हातांना जखमा, म्हणून फेटायचं काम माझ्याकडं. ती पाणी ओतायची आणि चुका काढायची.

"हळू. रांगोळी काढतेस का? हात टेकव पुरता. बोटं नकोत, तळवा."

"टेकवलाय की."

"चित्रकलेच्या बाई म्हणे. एक गोल धड काढता येत नाही."

मी हसले. तीही हसली. परातीत तूप पहिल्यांदा दाणेदार झालं, मग चिकट, मग हळूहळू त्याला लोण्याची कळा यायला लागली. माझा खांदा भरून आला. अक्का पाणी कलंडत होती, पुन्हा ओतत होती. दाजींच्या गोष्टी सांगत होती. तिकडं दुकानात गिऱ्हाइकाशी ते तामिळ बोलायचे आणि रागावले की थेट विट्याच्या मराठीत शिव्या द्यायचे. समोरच्याला वाटायचं, आशीर्वादच देतायत. पहिल्या झटक्यानंतरही ते असे गमतीत असायचे. लुळ्या हातावर डास बसला की डोळ्यांनी तिला दाखवायचे आणि वाकड्या तोंडानं म्हणायचे, "बसू दे बिचाऱ्याला. ह्या हाताचं मला आता काही नाही."

"मी मारायची, तर म्हणायचे, फुकट जीव घेतलास," अक्का म्हणाली आणि परातीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "झालं. बघ, पांढरं झालं."

संध्याकाळी मी ते तिच्या हातांना लावलं. मानेला लावलं. पोलकं वर सारून पाठीला लावायला गेले, तर पाठीचा मधला भाग स्वच्छ, गुळगुळीत, एक पुरळ नाही. बरं झालं, निदान पाठ तरी वाचली, असं मनात आलं. अक्का डोळे मिटून बसली होती. लावून होईपर्यंत बसल्या जागीच तिला झोप लागली.

चार-पाच दिवस बरे गेले. ओरखडे सुकले, खपल्या पडायला लागल्या. ती स्वयंपाक करायला लागली, माझ्या घरातले डबे घासून-पुसून लख्ख केले. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले, की आईचं औषध अजूनही चालतं म्हणून.

मग एका सकाळी ती म्हणाली, "ते इथंही आले."

आम्ही गादी उन्हात टाकली. पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. कडुनिंबाचा पाला जाळून दोन्ही खोल्या धुरानं भरल्या, इतक्या की शेजारच्या इनामदार काकू कळशी घेऊन धावत आल्या. फवारणीवाला बोलावला. तो म्हणाला, इथं काही दिसत नाही हो बाई, पण मारतो. त्यानं मारलं. दोन दिवस घरात मळमळत होतं. अक्काला रोज चावत होतं. मी रोज संध्याकाळी तूप लावत होते, आणि रोज सकाळी नवे वण दिसत होते. डबी संपली की पुन्हा परात काढायची. पुढं पुढं मला ते फेटणं स्वप्नात दिसायला लागलं.

आणि मग मलाही खाजायला लागलं. वर्गात फळ्यावर कमळ काढताना मान खाजवायची. मुली बघायच्या. अंग झटकून बघायची, काही सापडायचं नाही. सापडत नाही म्हणजे बारीकच असणार, अक्का म्हणते तसे.

"तुला पण ना?" अक्का म्हणाली. तिच्या आवाजात वाईट वाटणं होतं, पण सोबत मिळाल्यासारखंही काहीतरी होतं. "मी सांगत होते. कुणी ऐकत नव्हतं."

एका दुपारी मी शाळेतून आले तर ती पडवीत बसली होती. समोर कात्री, आणि फरशीवर तिची वेणी. गुडघ्यापर्यंत येणारी, पांढरी होत चाललेली ती वेणी मुळापासून कापलेली होती. साडी वर सारून ती सुईनं पोटरी कोरत होती. एका जागी रक्त घोट्यापर्यंत ओघळलं होतं.

"अक्का!"

"थांब. एक आलाय हाताला. हलू नकोस, आत जाईल."

मी सुई काढून घेतली. तिनं विरोध केला नाही. फक्त पाय तसाच पुढं धरून बसली, लहान मूल गुडघा फुटल्यावर दाखवतं तसा. मी रक्त पुसलं. तूप लावायला डबी उघडली आणि बोट आत घातलं. ह्या पांढऱ्या तुपानं काहीही होणार नव्हतं हे मला तेव्हा कळलं. पण दुसरं काय करायचं, तेही कळत नव्हतं. म्हणून लावलंच.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टर मिठारींकडं नेलं. कातडीच्या डॉक्टर. कमी बोलणाऱ्या, केस आवळून बांधलेल्या बाई. अक्कानं पदराची गाठ सोडून काडेपेटी त्यांच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. खण उघडला, चिमट्यानं एकेक ठिपका काचेवर घेतला आणि भिंगातून बराच वेळ बघितला. अक्काचे हात, मान, पाय बघितले. पाठ बघितली. मग नर्सला म्हणाल्या, "मावशींना आत नेऊन पायाला पट्टी बांधा. हळू, त्यांची कातडी फार नाजूक आहे."

अक्का गेल्यावर त्या माझ्याकडं वळल्या.

"ह्यात किडा एकही नाही. कापूस आहे, धूळ आहे, खपल्या आहेत. त्यांच्याच कातडीच्या."

"पण चावल्याच्या खुणा..."

"नखांच्या आहेत. सुईच्या आहेत. पाठ बघितलीत? हात पोचत नाही तेवढीच जागा कोरी आहे."

मी म्हणाले, "मलाही चावतात."

त्यांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. बाही वर सारून बघितलं. "तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही त्यांच्यासोबत राहताय आणि तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे. असं होतं."

मला एकदम रडू आलं. तिथं त्यांच्यासमोर, बाही वर सारलेली असताना.

"त्या खोटं बोलत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना खरोखर चावतंय. फक्त चावणारं कुणी नाही. जखमा मी भरून देईन, पण हे माझ्या मलमाचं काम नाही आणि तुमच्या तुपाचंही नाही. मिरजेला मनाचे डॉक्टर आहेत, चिठ्ठी देते. गोळ्यांनी फरक पडतो. आणि त्यांच्याशी वाद घालू नका. किडे नाहीतच असं तोंडावर म्हणालात तर त्या तुमच्यापासूनही लपवायला लागतील."

मी ठरवलं होतं, वाद घालायचा नाही.

घरी आल्यावर अक्कानं चहा टाकला. कप माझ्यासमोर ठेवला आणि समोर बसली. डोक्यावरून पदर घेतला होता, त्याखाली ते वेडेवाकडे कापलेले केस.

"काय म्हणाली? मला बाहेर पाठवून काय सांगितलं तुला?"

"जखमा भरतील म्हणाली. मिरजेला एक डॉक्टर आहेत..."

"किड्यांचं काय म्हणाली?"

मी चहाकडं बघत राहिले.

"कुमे, माझ्याकडं बघ. तू काडेपेटी बघितलीस ना? तुला दिसले ना?"

सगळ्या जन्मात अक्काशी मी खोटं बोलले नव्हते. बोलता आलं नसतं असं नाही. पण ती अशी बघत होती, की होय म्हटलं तर ती सुई पुन्हा हातात घेणार, आणि नाही म्हटलं तर... तर काय, ते मला माहीत नव्हतं.

"नाही दिसले, अक्का. मला चष्म्याशिवाय वाटले होते. पण नाहीत. आत कापूस आहे."

मला वाटलं, ती चिडेल. कप भिरकावेल, पिशवी भरायला लागेल. तिनं काहीच केलं नाही. ती तिच्या पायावरच्या पट्टीचा सुटलेला धागा आत खोचत राहिली.

"ह्यांच्याबद्दलही डॉक्टर असंच म्हणायचा," ती म्हणाली. "त्या लुळ्या अंगाला काही कळत नाही त्यांच्या. टोचलं तरी कळणार नाही. मी तेच धरून चालले. वाचा गेल्यावर तर काय, सांगणार तरी कसे? पाठ दुखतेय का विचारायची, तर नुसते बघायचे. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. सारखं. मला वाटलं, डोळे आलेत. थेंब आणले. दिवसातनं तीनदा थेंब घालायची मी, कुमे. पापणी धरून. आणि ते बघायचे माझ्याकडं."

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"ते गेल्यावर रंजनानं गादी उचलली. खालच्या बाजूनं काळी झाली होती. वळवळत होती. ढेकणांनी. डाव्या अंगाची बाजू, कुमे. डावं अंग त्यांचं चांगलं होतं. त्याला सगळं कळत होतं."

बाहेर इनामदार काकू कुणाला तरी हाका मारत होत्या. चहावर साय धरली होती.

"नऊ वर्षं मी त्या अंथरुणाशी बसले आणि मला कळलं नाही, त्यांना चावतंय ते," अक्का म्हणाली. "आणि तू मला सांगतेस, मला कुणी चावत नाही."

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तुझी चूक नव्हती, असं म्हणायला तोंड उघडलं. पण ते वाक्य तिला दाजी गेल्यापासून शंभर जणांनी म्हटलं असणार. मी उठून दोघींसाठी पुन्हा चहा केला. तिनं प्यायला.

मिरजेला ती आली. मला वाटलं होतं, फार समजवावं लागेल, पण ती म्हणाली, "चल. तुला बरं वाटेल." तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि गोळ्या दिल्या. पहिले काही आठवडे ती नुसती झोपायची, भाषणाला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी मध्येच शब्द विसरायची. अंगानं सुटली. पण सुई गेली, नखं गेली. शिमग्यापर्यंत हातावरचे वण फिके पडले. डोक्यावर बोटभर केस आले, मऊ, पार पांढरे. माझं खाजणं तर मिठारीबाईंकडून आल्यापासूनच थांबलं होतं. रंजना एकदा येऊन बघून गेली आणि म्हणाली, ताई, आता घरी चला. त्या उन्हाळ्यात अक्का विट्याला परत गेली. पुढं पुष्कळ वर्षं राहिली, कुणाला कसला त्रास दिला नाही. लोक म्हणायचे, बाई बरी झाली.

जायच्या आदल्या दुपारी मी परात काढली होती. सवयीनं. तिच्यासोबत एक डबी द्यावी असं मनात होतं. ती शेजारी येऊन बसली, पण पाणी ओतायला तांब्या उचलला नाही.

"कशाला करतेस? आता काही होत नाही मला."

"असू दे. जवळ असावं."

"खरंच नाही होत," ती म्हणाली. स्वतःचे हात उलटे करून बघत होती. "महिना झाला असेल. काहीच चावलं नाही."

"चांगलंच झालं की, अक्का."

"हो," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "चावायचं ना, तेव्हा वाटायचं, त्यांच्या वाटणीचं थोडं तरी माझ्याकडं आलं. आता सगळं त्यांचं त्यांच्यापाशीच राहिलं."

मी फेटत होते. तूप कधीच पांढरं झालं होतं. पाणी ओतलं की स्वच्छच निघत होतं. तरी मी आणखी पाणी घातलं, कलंडलं, पुन्हा घातलं. थांबले असते तर तिच्याकडं बघावं लागलं असतं.